लॅटिनो पात्राला लॅटिनोच नट हवा का?

प्रश्न नाट्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. मग १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'तली पोर्तो रिकोची मारिया नॅटली वूडनं केली, १९८३ च्या 'स्कारफेस'मधला क्युबन टोनी मोन्टाना अल पचिनोनं केला, तर त्यात बिघडलं काय? 'लॅटिनो भूमिकेला लॅटिनोच नट घ्या' असं म्हणणारे नटाला त्याच्या जन्मदाखल्यात कोंडत नाहीत का? आणि मुळात लॅटिनो म्हणजे नक्की कोण?

मी मूळची सोलापूरची. लॉस एंजेलिसमध्ये कास्टिंगच्या कामात मला १९ वर्षं झाली. पहिली चार वर्षं मी 'रीडर' होते. ऑडिशनला आलेल्या नटासमोर बसायचं आणि समोरच्या पात्राची वाक्यं वाचायची, हे रीडरचं काम. शेकडो नटांच्या डोळ्यांत बघत मी त्यांची आई झाले, बायको झाले, वकील झाले, बंदूक रोखलेला पोलीसही झाले. परकायाप्रवेशावर माझी श्रद्धा तुमच्याइतकीच आहे. पण हा प्रवेश सगळ्यांना कधीच खुला नव्हता. 'वेस्ट साइड स्टोरी'चं उदाहरण तुम्हीच दिलंत, तर तिथूनच बघू.

त्या सिनेमात पोर्तो रिकन पोरांच्या टोळीचा म्होरक्या बर्नार्दो. ती भूमिका जॉर्ज चाकिरिस या ग्रीक आईबापांच्या मुलानं केली आणि त्याला ऑस्कर मिळालं. हाच चाकिरिस त्याआधी लंडनच्या रंगमंचावर याच नाटकात रिफ करत होता, म्हणजे समोरच्या गोऱ्या टोळीचा म्होरक्या. गोष्ट एकच, आणि त्याला दोन्ही बाजूंना उभं राहता आलं. अनिता झालेली रिता मोरेनो मात्र खरोखर पोर्तो रिकोची, उमाकाओ गावात जन्मलेली. तिलाही ऑस्कर मिळालं. पण गोऱ्या टोळीतल्या एखाद्या मुलीचं काम तिला द्यावं, असं त्या काळी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. परकायाप्रवेशाची वाट होती, पण ती एकाच दिशेनं चालायची.

शिवाय त्या टोळीतल्या सगळ्यांना एकाच छटेचा तपकिरी मेकअप थापला होता. पोर्तो रिकोत माणसं दुधासारखी गोरी असतात, गव्हाळ असतात, काळीही असतात. रितानं हे मेकअप करणाऱ्याला सांगितलं, तर त्यानं उलट तिलाच विचारलं, तू वर्णद्वेषी आहेस का? हा प्रसंग तिनं स्वतः अनेकदा सांगितलाय. मला तो नेहमी आठवतो. खरी पोर्तो रिकन बाई समोर बसलेली असताना पोर्तो रिकन माणूस दिसतो कसा हे दुसरंच कुणीतरी ठरवत होतं, आणि तिच्याही चेहऱ्यावर तेच थापत होतं. म्हणजे 'खरा' नट घेतला की काम झालं, असंही नाही.

ऑस्करनंतर तिच्याकडे काय आलं? तशाच टोळ्यांच्या गोष्टी, तशीच कामं, आणखी छोटी. तिनं ती नाकारली आणि काही वर्षं सिनेमापासून लांब राहिली. नॅटली वूडला मारिया केल्यानंतर असं थांबावं लागलं नाही.

दुसरी एक नटी, लुपे ओन्तिवेरोस. टेक्सासमध्ये जन्मलेली, मेक्सिकन आईबापांची मुलगी. आपण किमान १५० वेळा मोलकरीण केली असेल, असा हिशेब तिनं स्वतः सांगितला होता. १५०! आणि बाई ताकदीची होती. सेलेना या गायिकेवरचा १९९७ चा 'सेलेना' बघा, त्यात तिचा खून करणारी योलांदा तिनं अशी उभी केलीय की तिच्या नुसत्या हसण्यानं अंगावर काटा येतो. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हिंदी सिनेमात कामवाली बाई आली की ती नऊवारी नाहीतर चापूनचोपून साडी नेसते, मराठी वळणाचं हिंदी बोलते, आणि हवालदार आला की तोही आपलाच. त्या भूमिका करणाऱ्या मराठी नट्यांनी रंगभूमीवर काय काय केलंय ते आपल्याला माहीत असतं. पडद्यावर त्या चहाचा ट्रे ठेवून निघून जातात तेव्हा पोटात जे तुटतं, ते लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन घरांत तीन पिढ्या तुटत आलंय.

मग लोकांनी काय केलं? नावं बदलली. मार्गारिता कान्सिनोची रिटा हेवर्थ झाली. केस लाल रंगवले, कपाळावरची केसांची रेष विजेच्या सुईनं मागे सरकवून घेतली. रामोन एस्तेवेजचा मार्टिन शीन झाला. बोलिव्हियन बापाची राकेल तेहादा राकेल वेल्च झाली. हे जुन्या काळचं म्हणून सोडून देऊ नका. ग्वातेमालात जन्मलेल्या ऑस्कर आयझॅकनं आपलं एर्नान्देस हे आडनाव गाळलं, कारण त्या आडनावाला बोलावणी यायची ती ठरावीक भूमिकांसाठीच. तो माझ्या पिढीचा आहे.

अँथनी क्विनचं नाव इथे कुणीतरी काढणारच. मेक्सिकोतल्या चिवावाचा. इटलीत जाऊन तो सर्कशीतला पहिलवान झाला, वाळवंटातला अरब सरदार झाला, आणि झोर्बा तर असा केला की जगाला तो ग्रीकच वाटला. 'बघा, त्याला कुणी अडवलं?' असं म्हणतात. पण त्या यादीकडे नीट बघा. अमेरिकेला जे जे परकं वाटायचं ते सगळं त्याच्या वाट्याला आलं. शेजारच्या घरातला साधा अमेरिकन बाप मात्र क्वचितच. आणि १९५२ मध्ये मेक्सिकोच्या क्रांतिकारकावर, एमिलियानो सापातावर सिनेमा निघाला तेव्हा सापाता झाला मार्लन ब्रँडो आणि क्विन झाला सापाताचा भाऊ. भावासाठी क्विनला ऑस्कर मिळालं, मेक्सिकोत जन्मलेल्या नटाचं अभिनयासाठीचं पहिलं. मी ब्रँडोची भक्त आहे, तरी तो सिनेमा बघताना माझी नजर भावावरच जाते.

आता 'स्कारफेस'. पचिनोचं काम भडक आहे, पण ताकदीचं आहे, मी ते नाकारणार नाही. त्याच्या मित्राचं काम केलेला स्टीव्हन बाउर हवानात जन्मलेला होता. पण मायामीतल्या क्युबन लोकांचा विरोध नट कोण यापुरता नव्हता. १९८० मध्ये क्युबातल्या मारिएल बंदरातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं होड्यांतून फ्लोरिडाला आली, आणि त्यांची गोष्ट म्हणून जगापुढे जाणार होता तो कोकेन विकणारा खुनी. विरोध इतका झाला की बरंचसं चित्रीकरण लॉस एंजेलिसला हलवावं लागलं. टोनीच्या भूमिकेत शंभर टक्के क्युबन नट घेतला असता तरी ही तक्रार मिटली नसती. म्हणून तुम्हाला सांगते, सगळा भार कास्टिंगवर टाकू नका. कागदावर जे पात्र आहे, त्यालाच आम्ही माणूस शोधतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण रोजच्या कामात आम्ही अडखळतो ते इथेच.

लॅटिनो हा वंश नाही. लॅटिन अमेरिकेशी मूळ सांगणारा तो लॅटिनो, मग त्याचे पूर्वज स्पेनमधून आलेले असोत, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले असोत, माया-मिश्तेकांसारखे तिथले मूळ रहिवासी असोत, लेबनॉनहून व्यापाराला आलेले असोत की जपानहून. अमेरिकेच्या जनगणनेत लॅटिनो मूळ आहे का, हा प्रश्न सरसकट प्रत्येकाला विचारला गेला तो १९८० पासून, तोही वंशाच्या प्रश्नापासून वेगळा. दोन्ही प्रश्न एकत्र करायचं सरकारनं ठरवलं ते थेट २०२४ मध्ये. २०२० च्या मोजणीत अशी माणसं ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे देशाची १८.७ टक्के. एवढ्या सगळ्यांना एका चेहऱ्यात बसवायचं तर तो चेहरा खोटाच असणार. अमेरिकन कास्टिंगनं मात्र तो ठरवून टाकला: मध्यम तपकिरी, काळे केस, थोडा उग्र. या साच्यात नागपूरचा मुलगाही बसतो. माझ्या ओळखीच्या एका मराठी नटाला दोन वर्षांत जितकी बोलावणी भारतीय भूमिकांसाठी आली, त्याहून जास्त 'मेक्सिकन' म्हणून आली. त्याला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. १९८७ च्या 'ला बाम्बा'त रिची व्हॅलेन्स हा मेक्सिकन-अमेरिकन गायक ज्यानं केला, तो लू डायमंड फिलिप्स फिलिपिन्समध्ये जन्मलेला. त्याचं काम सुंदर आहे, आणि दिग्दर्शक लुइस वाल्देस स्वतः चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकनांच्या चळवळीतून आलेला, त्यामुळे सिनेमाचं घर, अंगण, भांडण सगळं खरं वाटतं. मी तो सिनेमा कधीच नाकारणार नाही. पण त्या नटाला ते दार उघडलं ते साच्यामुळेच, आणि तोच साचा गोऱ्या क्युबन मुलाला आणि काळ्या डॉमिनिकन मुलीला 'तू लॅटिनो दिसत नाहीस' म्हणून परत पाठवतो. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, किती वेळा ते मोजलेलं नाही.

चेहऱ्यापेक्षा मी कानावर जास्त विश्वास ठेवते. १९३० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओत दिवसा इंग्रजी 'ड्रॅक्युला' चित्रित व्हायचा आणि रात्री त्याच सेटवर स्पॅनिश 'ड्रॅक्युला'. नायिका लुपिता तोवार मेक्सिकोची, काउंट झालेला कार्लोस विल्यारियास स्पेनचा, नायक बॅरी नॉर्टन अर्जेन्टिनाचा. सगळे स्पॅनिशच बोलणारे, म्हणजे आजच्या हिशेबानं कास्टिंग बिनचूक. पण उच्चार तीन देशांचे. त्या काळच्या हॉलिवूडच्या स्पॅनिश सिनेमांवर तिकडच्या प्रेक्षकांची हीच तक्रार असायची. घरात आई मालवणी बोलतेय, मुलगा वऱ्हाडी आणि सून सदाशिव पेठी, आणि गोष्टीत तिघंही पिढ्यान्‌पिढ्या कराडचे, असं बघताना तुमचं जे होईल तेच.

ही चूक आजही होते आणि मीही केलीय. सुरुवातीच्या काळात एका मालिकेत मेक्सिकोच्या खेड्यातली आई हवी होती. मी सुचवलेली नटी ब्वेनोस आयरिसची, उत्तम, अनुभवी. तिनं वाचलं, खोलीतले सगळे गप्प झाले, काम मिळालं. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी लाइट लावणारा एक मेक्सिकन माणूस माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, ही बाई आमच्या गावात जन्मलेली नाही." (त्यानं 'सेन्योरा' म्हटलं, पण स्वर ताईचाच होता.) मेक्सिकन माणूस जवळच्याला 'तू' म्हणतो, अगदी आपल्यासारखंच 'तू'. अर्जेन्टिनात त्याला 'वोस' म्हणतात, आणि जिथे मेक्सिकन जिभेवर 'य' येतो तिथे त्यांचा 'श' येतो. नटीनं प्रयत्न केला होता, पण रागाच्या प्रसंगात तिची जीभ घरी गेली. खोलीत बसलेल्या आम्हा आठ जणांना ते कळलं नाही. कळणाऱ्या माणसाला आम्ही त्या खोलीत बसवलंच नव्हतं. तेव्हापासून मी भूमिका ज्या प्रदेशाची असेल त्या प्रदेशाचा एक कान ऑडिशनच्या खोलीत असावा यासाठी भांडते. कधी मिळतो, कधी नाही.

२०२४ च्या 'एमिलिया पेरेस'चं हेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. गोष्ट मेक्सिकोची, बेपत्ता माणसांची, म्हणजे त्या देशाची उघडी जखम. दिग्दर्शक जाक ओदियार फ्रेंच, चित्रीकरण मुख्यतः पॅरिसजवळच्या स्टुडिओत, तीन मुख्य स्त्रियांमध्ये एक स्पेनची, एक डॉमिनिकन-पोर्तो रिकन वंशाची अमेरिकन, एक मेक्सिकन वंशाची अमेरिकन, सेलेना गोमेझ. १३ ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यातली २ पुरस्कारांत उतरली. मेक्सिकोत लोक संतापले. सेलेना गोमेझच्या स्पॅनिशवर मेक्सिकन नट एउहेनियो देर्बेस जाहीर टीका करून बसला, नंतर त्यानं माफीही मागितली. मला त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. सेलेना हे तिचं नाव ज्या गायिकेवरून ठेवलंय, तीही टेक्सासमध्ये इंग्रजी बोलतच मोठी झाली आणि स्पॅनिश नंतर शिकली. लाखो लॅटिनो मुलांची घरची भाषा अशीच अर्धवट राहिलीय; न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही हेच दिसतं. भाषा तुटकी असणं हा तिचा दोष नाही. पात्राची भाषा कोणत्या गावची, हे आधी न ठरवणं हा निर्मितीचा दोष आहे.

त्या गायिकेवरच्या, वर सांगितलेल्या १९९७ च्या सिनेमात मुख्य भूमिका जेनिफर लोपेझची. तेव्हाही विरोध झाला: न्यूयॉर्कची पोर्तो रिकन मुलगी टेक्सासच्या मेक्सिकन मुलीची भूमिका कशी करते? माझं मत विचाराल तर ती निवड योग्य होती. गायिकेचे वडील स्वतः निर्मात्यांत होते, दिग्दर्शक ग्रेगरी नावा त्याच मातीतला, सीमेवरच्या माणसांची दुहेरी ओढ त्याला ठाऊक होती. एका लॅटिनो घरातून दुसऱ्यात जाणं हाही परकायाप्रवेशच, आणि तो तिनं मेहनतीनं केला. तिथे दार बंद करणारे लोक मला पटले नाहीत.

आणि सगळं पाप हॉलिवूडच्या माथी मारू नका. २०१८ च्या 'रोमा'त मोलकरणीचीच भूमिका होती, पण ती सिनेमाच्या मधोमध. वाहाका राज्यातल्या त्लाशियाको गावची यालित्सा अपारिसियो, शिक्षिका व्हायला निघालेली, कधी कॅमेऱ्यासमोर न उभी राहिलेली. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा मेक्सिकोतल्याच एका टीव्ही नटानं तिच्या आदिवासी असण्यावरून अपशब्द काढले, ते चित्रफितीत सापडलं, आणि मग माफी आली. मेक्सिकन टीव्ही मालिकांमध्ये नायिका गोरी आणि मोलकरीण सावळी, हे हॉलिवूडनं शिकवलेलं नाही. 'लॅटिनो नट घेतला' म्हणून एखादी निर्मितीसंस्था पाठ थोपटून घेते तेव्हा मी विचारते, त्यातला कोणता? २०२१ मध्ये 'इन द हाइट्स' या सिनेमावर हीच वेळ आली. वॉशिंग्टन हाइट्स ही न्यूयॉर्कमधली डॉमिनिकन वस्ती, तिथे काळी माणसं रस्तोरस्ती, आणि मुख्य भूमिकांमध्ये काळ्या वर्णाचे लॅटिनो जवळपास नाहीत. मूळ संगीतिका रचणाऱ्या लिन-मॅन्युएल मिरांडानं सरळ माफी मागितली. ते मला आवडलं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं, तेही सांगते. 'लॅटिनोच पाहिजे' हे म्हणायला सोपं आहे, पण ऑडिशनला आलेल्या नटाला 'तू कोणत्या वंशाचा?' असं आम्ही विचारू शकत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे नोकरीत वंशावरून भेदभाव करता येत नाही, आणि नटांच्या युनियनच्या नियमांतही अशा चौकशीला मज्जाव आहे. आमच्या हातात असतं ते 'ब्रेकडाउन': एजंटांकडे जाणारं प्रत्येक पात्राचं दोन-चार ओळींचं वर्णन. सगळं तिथे ठरतं. 'लॅटिना, तिखट स्वभावाची' असं लिहिलं की तिखट स्वभावाच्या दोनशे सेल्फ-टेप, म्हणजे नट्यांनी घरीच चित्रित केलेल्या ऑडिशन, येतात. 'डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतियागोची, २० व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सला आली, आईशी स्पॅनिश आणि भावाशी इंग्रजी बोलते' असं लिहिलं की वेगळ्याच मुली येतात, आणि त्यांच्यात कोण काय आहे ते विचारावं लागत नाही, बोलण्यातून कळतं.

मुख्य भूमिकेचं मात्र बहुतेक वेळा आमच्या हातात काहीच नसतं. पैसा उभा राहतो तो नावावर, आणि ते नाव आम्ही यायच्या आधीच जोडलेलं असतं. 'एवढं मोठं लॅटिनो नाव आहे कुठे?' असं विचारतात. नाव होणार कसं? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग संस्थेनं २००७ ते २०१९ मधले सर्वाधिक कमाईचे १,३०० सिनेमे तपासले, तर बोलणाऱ्या पात्रांपैकी लॅटिनो सुमारे ५ टक्के आणि मुख्य भूमिकांत ३.५ टक्के. शाळेत घालायचंच नाही आणि मग पास कसा झाला नाहीस म्हणून विचारायचं, असा हा प्रकार. शोधायचं ठरवलं तर माणसं सापडतात. २०२१ च्या नव्या 'वेस्ट साइड स्टोरी'साठी जाहीर आवाहन केलं, ३० हजारांवर अर्ज आले, आणि न्यू जर्सीतली कोलंबियन आईची शाळकरी मुलगी रेचल झेग्लर मारिया झाली. तिथे स्पॅनिश संवादांना इंग्रजी उपशीर्षकं दिली नव्हती, मुद्दाम. ज्यांना कळतं त्यांना कळावं. अनितासाठी अरियाना डीबोसला ऑस्कर मिळालं, त्याच भूमिकेसाठी, रिता मोरेनोनंतर ६० वर्षांनी. रिता त्या सिनेमात होती, निर्मात्यांतही होती.

तुम्हाला कास्टिंगमध्ये यायचंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून गेल्या वर्षीचं एक काम सांगते. ब्रेकडाउन आलं: 'मारिया, ४५, मोलकरीण, लॅटिना, प्रेमळ.' मी लेखकाला फोन केला, ही कुठली? तो म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, गाव कुठलं, आली कधी, मागे कोण राहिलं? त्यानं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी कागद आला: एल साल्वादोर, उसुलुतान, यादवी युद्ध पेटलेलं असताना लहानपणी मावशीबरोबर सीमा ओलांडली, मालकिणीशी इंग्रजी, फोनवर बहिणीशी 'वोस'. एल साल्वादोरमध्येही 'वोस'च म्हणतात. त्या आठवड्यात एक नटी आली, जिला मी दहा वर्षं 'मेक्सिकन आई' म्हणून बोलवत होते. तिनं कागद वाचला, मान वर केली आणि विचारलं, "हे 'वोस' असंच म्हणायचं? बदलायचं नाही?" ती साल्वादोरची आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. दहा वर्षं ती माझ्या खोलीच्या दाराशी आपली भाषा ठेवून आत येत होती. मी म्हटलं, असंच म्हणा. तिनं फोनचा प्रसंग वाचला. बहिणीची वाक्यं मी वाचत होते, आणि मधेच माझी ओळ चुकली.